वाचकांचे प्रश्न : पोर्टिंग करताना हेड बिघडलं तर

प्रश्न : चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीच्या ॲल्युमिनियम हेडचं पोर्टिंग करताना (हवा आत-बाहेर जायच्या वाटा, म्हणजे पोर्ट, घासून मोठ्या करताना) तिसऱ्या इनटेक पोर्टच्या तळातून बर (घासायचं फिरतं हत्यार) आरपार गेला. वॉटर जॅकेटला (हेडमधल्या कूलंटच्या पोकळीला) जोंधळ्याएवढं भोक पडलं. एपॉक्सी भरून गाडी चालवली, तर पंधरा दिवसांत कूलंट कमी व्हायला लागलं. हेड टाकूनच द्यायचं का?
– वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : टाकू नका. पण गाडी आजपासून बंद ठेवा. पोर्टमधून झिरपलेलं पाणी रात्री सिलिंडरमध्ये साठतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सकाळी स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

एपॉक्सी तिथे टिकणार नव्हतीच. एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला दाबाखालचं ९०-१०० अंशांचं कूलंट. त्यात ॲल्युमिनियमपेक्षा एपॉक्सी जास्त फुगते. रोजच्या गरम-थंड होण्यात तिची कड सुटते.

इथे आर्गॉन वेल्डिंगच हवं, आणि त्यातलं निम्मं काम सफाईचं आहे. व्हॉल्व्ह, सील, गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) सगळं काढा. जुनी एपॉक्सी कणभरही ठेवू नका, ती जळून वेल्डिंगमध्ये फुगे धरते. बिडाची हेडं धुण्याच्या कॉस्टिकच्या टाकीत हे हेड बुडवू नका, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. धुतल्यावर भट्टीत १५० अंशांवर तासभर ठेवा. ओतीव धातूच्या छिद्रांत मुरलेलं तेल घामासारखं वर येतं. हेड पूर्ण थंड झाल्यावरच ॲसिटोनने पुसा. तेल येत राहिलं तर पुन्हा तापवा. खानापूरकडच्या पावसाळ्यात तर ओल घालवायलाही हे तापवणं लागतंच, कारण ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डिंगमध्ये अडकून टाचणीच्या टोकाएवढी भोकं ठेवतो.

भोकाच्या कडा चकचकीत धातूपर्यंत व्ही आकारात मोकळ्या करा. ब्रश स्टेनलेसचा आणि फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवलेला हवा. एसी करंट, शुद्ध आर्गॉन, ४०४३ ची (ॲल्युमिनियम-सिलिकॉनची) भर घालायची सळई आणि साधारण १५० अंशांचं प्रीहीट (आधी तापवणं). २०० च्या वर नेलं तर हीट-ट्रीट केलेलं हेड मऊ पडतं. तापमान टेम्परेचर क्रेयॉनने (ठरलेल्या तापमानाला वितळणाऱ्या खडूने) बघा. इन्फ्रारेड गन चकाकत्या ॲल्युमिनियमवर खरं असतं त्यापेक्षा कमी दाखवते आणि त्या भरवशावर हेड जास्त तापतं. टॉर्च पोर्टच्या तळापर्यंत पोचत नसेल तर सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) काढून त्या बाजूने जावं लागतं. कधी बाहेरून खिडकी कापून आतलं भोक भरतात आणि मग खिडकी बंद करतात.

वेल्डिंगच्या आधी हेड जाड प्लेटवर बोल्टने कसा, आणि तसंच सावकाश थंड होऊ द्या. हे चुकलं तर हेड धनुष्यासारखं वाकतं. खालचा फेस मारला (मशीनवर घासून सपाट केला) की तळ सरळ दिसतो, पण वरची कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) भोकं वाकडीच राहतात. म्हणून कॅमच्या कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळून कॅम हाताने फिरतो का, हे फेस मारण्याआधी पाहा. तळाला स्ट्रेटएजखाली (सरळ पट्टीखाली) फीलर गेजची ०.०५ मिमीची पाती जाता कामा नये. त्या सिलिंडरचं सीट उष्णतेने सैल झालेलं असतं, ते नवंच बसवा.

शेवटी प्रेशर टेस्ट : पाण्याच्या वाटा रबर-प्लेटने बंद करून सुमारे २ बार हवा भरायची आणि हेड गरम पाण्यात बुडवायचं. थंड पाण्यात बुडबुडा न देणारी बारीक चीर गरम झाली की उघडते. या सगळ्यासाठी बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये जाताना वेल्डर आणि हेड मशिनिंगवाला दोघांशी आधी बोला. वेल्डिंगनंतर सीट, गाईड आणि फेस हा खर्च येणारच.

भोक तिसऱ्याच पोर्टला का पडलं, हे फाउंड्रीत काम केलेला माणूस लगेच सांगेल : ओतताना कोअर (पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) मिलिमीटरभर सरकला की एका पोर्टची भिंत जाड आणि दुसऱ्याची पातळ होते. पुढच्या वेळी अल्ट्रासोनिक गेजने प्रत्येक पोर्ट वेगळा मोजा आणि ३ मिमीच्या आत जाऊ नका.

प्रश्न : ९७.२ सीसी बाइकचा इनटेक पोर्ट मोठा करून आरशासारखा पॉलिश केला. आता चोर्ला घाटात डबलसीट ओढत नाही, आयडलिंगही धरत नाही.
– वाचक, निपाणी

उत्तर : पोर्ट मोठा झाला की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, आणि घाटात ओढ लागते ती नेमकी तिथेच. सीटखालचा घसा व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ९० टक्के असावा. २५ मिमीचा व्हॉल्व्ह असेल तर २१.३ ते २२.५ मिमी. मोजून पाहा. आरशासारख्या भिंतीवर कार्बुरेटरचं पेट्रोल ओघळ धरून वाहतं; ८० नंबरच्या कागदाने तिला पुन्हा खरखरीत करा. पॉलिश एक्झॉस्टला चालतं, तिथे काजळी कमी धरते.

खरी शंका मात्र पोर्टच्या तळाची आहे. तळ सीटकडे वळतो ती आतली गोलाई घासून टोकदार झाली असेल, तर हवा तिथे भिंत सोडून उसळते. हाताला सगळ्यात सोपी लागणारी आणि सगळ्यात कमी घासायची जागा हीच. एअर-कूल्ड हेडमध्ये सीटजवळ एपॉक्सी भरू नका. सुटलेला तुकडा थेट पिस्टनवर पडतो. वेल्डिंग करून परत आकार देता येतो, पण एवढ्या लहान हेडला तो खर्च करण्यापेक्षा दुसरं चांगलं हेड घेणं मला जास्त योग्य वाटतं.

ज्वलनाचा चेंबरही घासला असेल तर ब्युरेटने (मापाच्या काचेच्या नळीने) सीसी मोजा. एकूण क्लिअरन्स व्हॉल्यूम (पिस्टन वर असताना उरणारी जागा) १२ सीसीचा १३ झाला की कॉम्प्रेशन रेशो ९.१ वरून ८.५ वर येतं. ५० मिमी बोअरला तो १ सीसी परत मिळवायला सुमारे अर्धा मिमी फेस मारावा लागेल. त्याने कॅम टायमिंग थोडं मागे पडतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. प्लॅस्टिसिन (मऊ माती) लावून, हाताने इंजिन फिरवून अंतर तपासल्याशिवाय किक मारू नका.

प्रश्न : बर निसटून एक्झॉस्ट सीटवर ओरखडा आला. ग्राइंडिंग पेस्टने जाईल का?
– वाचक, चिकोडी

उत्तर : नखाला लागत असेल तर नाही. पेस्टने घासत बसलात तर व्हॉल्व्हच्या फेसलाच खड्डा पडेल. ४५ अंशांच्या कटरने सीट कापून घ्या, रुंदी १.२ ते १.५ मिमी ठेवा आणि मार्किंग ब्ल्यूने (खुणेच्या निळ्या रंगाने) पूर्ण गोल उमटतो का बघा. व्हॉल्व्ह जेवढा आत बसेल तेवढी स्प्रिंगची उंची वाढते. तेवढ्या जाडीचा शिम (पातळ चकती) स्प्रिंगखाली घाला आणि टॅपेटचं अंतर नव्याने लावा. ओरखडा खोल असेल तर नवं सीटच. पुढच्या वेळी पोर्ट घासताना जुना, टाकाऊ व्हॉल्व्ह सीटवर बसवून ठेवा.

प्रश्न : जुन्या डिझेल जीपच्या बिडाच्या हेडला असंच भोक पडलं तर?
– वाचक, गोकाक

उत्तर : निकेलच्या रॉडने वेल्डिंग, आणि हेड पूर्ण तापवून. २-३ सेंमीचे छोटे टाके घाला, गरम असतानाच हलक्या हातोडीने ठोका, मग कोरड्या चुन्यात किंवा वाळूत पुरून दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. वाऱ्यावर थंड केलंत तर वेल्डिंगच्या शेजारी नवी चीर जाते. भोक दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पुलावर असेल तर हेड बदला. डिझेलमध्ये ती जागा सगळ्यात जास्त तापते आणि तिथलं वेल्डिंग फार काळ टिकत नाही.