निळा लेसर: पल्सवाला की सलग?
भावा, पहिलाच निळा लेसर असेल तर सलग किरणाचा घे, तोही कमी ताकदीचा. पल्सवाला, म्हणजे भराभर चालू-बंद होणारा, झटकन फिरवला की भिंतीवर तुटक रेघ उमटते, दिसायला नाद खुळा! पण २ वॅटचा डायोड (किरण सोडणारा भाग) निम्मा वेळ बंद असेल तर सरासरी १ वॅटच मिळते. डायोड कमी तापतो, बॅटरी जास्त टिकते, एवढंच.

नवीन पोरं दोन ठिकाणी हमखास चुकतात:
- पल्सवाला डोळ्याला चालतो असं समजतात. अजिबात नाही. ४५० नॅनोमीटरला (निळ्या किरणाची तरंगलांबी) चालणारा लेसरचा चष्माच पाहिजे, साधा गॉगल नव्हे. अर्ध्या वॅटच्या वर भिंतीवरचा ठिपकाही उघड्या डोळ्यानं बघू नकोस.
- मिरवणुकीत, नाहीतर उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, उतरणाऱ्या विमानाकडं रोखतात.

स्टीलची ताटंही समोरून हलव, त्यावरून किरण उलटा फिरतो.