‘ह्यो बी बापासारखाच हुणार का?’

खुर्चीत बसायच्या आधीच बाईंनी विचारलं, “मॅडम, ह्यो बी बापासारखाच हुणार का वो?” मी मुलांचं समुपदेशन करते, हा प्रश्न माझ्याकडं महिन्यातून एकदा तरी येतो. कधी ‘रक्तातच हाय’ असं म्हणत, कधी नुसतं रडत.

पोरगं पंधराचं. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.) रंकाळ्यावर भेळेच्या गाडीपाशी यानं एका मुलाच्या डोक्यात फरशीचा तुकडा घातला. सात टाके पडले. प्रकरण कसंबसं मिटलं, पण मामानं आईला धास्तावून ठेवलं होतं. खुनासारखा गुन्हा असला तर सोळाच्या पुढं मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो, म्हणून. ते खरंय, २०१५ च्या कायद्यात तशी तरतूद आहे.

“का मारलंस?”

“माझ्याकडं बघत हुता.”

बस्स, एवढंच कारण. मी भांडणाचा विषय सोडला आणि घरचं विचारलं. खुर्चीचं फाटकं रेक्झिन सोलत तो म्हणाला, “पप्पांच्या गाडीचं स्टँड एका दणक्यात लागलं तर ठीक. दोन-तीनदा घसरलं की पिऊन आल्यात. मग मी माडीवर जातो. गावलो तर पट्टा.”

स्टँडच्या आवाजावरून रात्र कशी जाणार हे ओळखणारं पोर. घरात हे कसब त्याला वाचवतं, बाहेर तेच घात करतं. मार खात वाढलेली मुलं चेहऱ्यावरचा राग इतरांपेक्षा लवकर टिपतात आणि कधीकधी नसलेलाही बघतात. भेळ खाणारा मुलगा त्याच्याकडं नुसता बघतही असेल.

“पाठीवरनं शेवटचा हात कुणी फिरवला?” बराच वेळ गप्प. “आज्जीनं. ती गेली तवा तिसरीत हुतो.”

आई हुंदका देत म्हणाली, “मोबाईल दिला, क्लास लावला, काय कमी केलं?” तिचं चूक म्हणवत नाही मला. नवऱ्याच्या भीतीनं तीच मुलाला जवळ घ्यायची थांबली होती.

चुकले मी. बापाला बोलावलं आणि पहिल्याच भेटीत सुनावलं. “आमीबी मार खाऊनच मोठं झालोय,” म्हणाला, पायताण घातलं आणि गेला तो परत आला नाही. मग आई पोराला घेऊन कागलला माहेरी गेली. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर दोघांनी पाठ केला.

आईला मी हवाईमधल्या कवाई बेटाबद्दल सांगितलं. तिथं १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर अभ्यासकांनी पुढं कित्येक वर्षं लक्ष ठेवलं. त्यातली गरिबी, भांडणं, दारू अशा घरांतली साधारण एक तृतीयांश मुलं तरीही नीट उभी राहिली. त्यांच्यापाशी बहुतेकदा एखादं हक्काचं माणूस होतं. आजी, मावशी, शिक्षक, कुणीही.

आमच्या पोराला वस्ताद भेटले. पहाटे पाचला तालमीत माती उकरायची, मग जोर-बैठका. वस्ताद फार बोलत नाहीत. रोज एकच विचारतात, “खाल्लंस का रं?” माझ्या तासाभरापेक्षा ते तीन शब्द भारी, हे मला जरा जडच गेलं मान्य करायला.

आठ महिन्यांनी तो आला तेव्हा आपणहून सांगू लागला, “परवा स्टँडवर एक पोरगं टक लावून बघत हुतं.”

“मग?”

“मी बी बघितलं. त्याला वाटलं, वळख हाय. हसला.”

“आणि तू?”

“मी बी हसलो. मग यष्टी आली.”