वाहणारा कान, चौदा महिन्यांची पॉलिसी आणि एफडी

प्रश्न : फोंड्याजवळ माझं हार्डवेअरचं दुकान आहे. वय ४१, घरी पत्नी आणि दोन मुलं. डावा कान लहानपणापासून अधूनमधून वाहतो, त्या कानाने कमी ऐकू येतं. दीड-दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी थेंब दिले होते. आता मडगावच्या एका खासगी इस्पितळात पडद्याला भोक असल्याचं निदान झालं. ऑपरेशनचं पॅकेज १ लाख १० हजार सांगितलं. सीटी स्कॅनही लिहून दिला होता, पण खर्च वाढेल म्हणून केला नाही. १४ महिन्यांपूर्वी आरोग्य संजीवनीची २ लाखांची फॅमिली पॉलिसी घेतली आहे. एजंट म्हणतात, कानाच्या ऑपरेशनला २ वर्षांची अट असते, आणखी १० महिने थांबा आणि डॉक्टरांना त्रास सहा महिन्यांपासूनचा आहे असं सांगा. की २ लाखांची एफडी मोडून आत्ताच करून घेऊ? ती ७ टक्क्यांची, ३ वर्षांची आहे, २६ महिने झालेत. दुकानातून महिन्याला ४८ हजार सुटतात.

उत्तर : थांबायचं की एफडी मोडायची, हे ठरवण्याआधी तुम्ही जाता जाता लिहून टाकलेल्या एका गोष्टीकडे परत या. सीटी स्कॅन सांगितला होता आणि तुम्ही केला नाही. पडद्याच्या मधोमध साधं भोक असेल तर डॉक्टर सहसा सीटी सांगत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी आणि ऑडिओग्राम (किती ऐकू येतं याचा आलेख) एवढ्यावर काम भागतं. सीटी लिहून दिला, म्हणजे त्यांना आत काही वेगळं असल्याची शंका असावी. ती शंका नेमकी काय, हे त्यांना विचारा. तुमच्या पैशांचं सगळं गणित त्या उत्तरावर बसतं.

वाहणारे कान ढोबळमानाने दोन प्रकारचे. पहिल्यात पडद्याच्या ताणलेल्या भागात भोक असतं, सर्दी झाली किंवा पाणी गेलं की भरपूर, पातळ, फारशी दुर्गंधी नसलेला स्राव येतो आणि मग कान महिनोन्‌महिने कोरडा राहतो. दुसऱ्यात बिघाड बहुधा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात असतो. तिथे कातडी आत ओढली जाऊन तिची पिशवी तयार होते, तिच्यात मेलेली त्वचा साठत जाते आणि ती भोवतालचं हाड खाते. याला कोलेस्टिएटोमा म्हणतात. त्यात स्राव थोडाच असतो, पण घाण वास येतो. पिशवी वाढली की कानातल्या तीन नाजूक हाडांची साखळी तुटते, मग चेहऱ्याच्या नसेला, तोल सांभाळणाऱ्या भागाला, क्वचित मेंदूच्या आवरणालाही धोका पोचतो. थेंबांनी ती जात नाही, शस्त्रक्रियाच लागते. पहिल्या प्रकारातला माणूस सोय बघून ऑपरेशन करू शकतो. दुसऱ्यातल्याने पॉलिसीच्या मुदतीची वाट बघत बसू नये. तोंड वाकडं होणं, भोवळ, कानामागे सूज, तापासोबत जोराची डोकेदुखी यातलं काहीही झालं तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठायची.

ऑडिओग्रामचा कागद हातात असेल तर तोही एकदा बघा. डाव्या कानाच्या निळ्या फुल्या हवेतून ऐकू येणारा आवाज दाखवतात आणि त्याच रंगातले कंस हाडातून ऐकू येणारा. कंस वर १०–१५ डेसिबलपाशी आणि फुल्या खाली ४०–४५ पाशी असतील, तर मधलं ३० चं अंतर म्हणजे आवाज पोचवणाऱ्या यंत्रणेतला बिघाड, जो पडदा बसवून बराच भरून निघू शकतो. कंसही फुल्यांच्या जोडीने खाली घसरले असतील तर तेवढा भाग नसेचा आहे आणि १ लाख १० हजार भरूनही तो परत येणार नाही. अंतर ४० च्या पुढे असेल तर हाडांची साखळीही तपासावी लागेल. ती तुटलेली निघाली तर टायटॅनियमचं कृत्रिम हाड बसवावं लागू शकतं, आणि ते पॅकेजमध्ये धरलंय का हे इस्पितळाकडून लेखी घ्या. बिल फुगतं ते बहुतेक वेळा इथेच.

आता एजंटांचा सल्ला. २ वर्षांची अट खरी आहे. आरोग्य संजीवनीत कान-नाक-घशाचे साधे विकार, टॉन्सिल, मास्टॉइड (कानामागचं हाड) आणि पडद्याची शस्त्रक्रिया या सगळ्याला २४ महिन्यांची प्रतीक्षा आहे, म्हणजे तोवर त्यांचा क्लेम मिळत नाही. पण त्यांनी अर्धंच सांगितलं. पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला किंवा उपचार दिलेला आजार हा आधीपासूनचा आजार धरला जातो आणि त्याची प्रतीक्षा ३६ महिन्यांपर्यंत असू शकते. तुम्हाला थेंब मिळाले ते नेमके याच काळात. दोन्ही मुदती लागू होत असतील तर जी मोठी ती मोजतात. म्हणजे तुमचे १० महिने नाहीत, २२ आहेत.

सहा महिन्यांची गोष्ट तर डोक्यातून काढूनच टाका. जुन्या वाहत्या कानाच्या पडद्यावर अनेकदा चुन्यासारखे पांढरे डाग असतात, ते सहा महिन्यांत पडत नाहीत आणि सर्जन आपल्या नोंदीत ते लिहितात. इस्पितळाच्या केसपेपरवर 'लहानपणापासून' हा शब्द मडगावला एव्हाना पडलाही असेल. क्लेम आला की टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था, पहिला तोच कागद मागवते. क्लेम नाकारला गेला तर नुकसान एका ऑपरेशनचं, पण माहिती लपवली म्हणून पॉलिसीच रद्द झाली तर चौघांचं छत्र जातं. पॉलिसीसोबत आलेली प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत काढा आणि कान-नाक-घशाच्या प्रश्नापुढे एजंटांनी काय टिक केलंय ते बघा. 'नाही' असेल तर कंपनीला खरी माहिती लेखी कळवा. कंपनी प्रीमियम वाढवेल, प्रतीक्षा लावेल, वाईटात वाईट म्हणजे पॉलिसी पुढे चालवायला नकार देईल. ते आत्ता, हातात क्लेम नसताना झालेलं बरं. सलग ६० महिने झाले की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला माहिती लपवल्याचा मुद्दा काढता येत नाही, हे खरं. पण आणखी ४६ महिने गप्प बसून काढायचे हा बेत मला पटत नाही.

आणि २२ महिने थांबूनही पूर्ण बिल सुटणार नाही. तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या २ टक्के, म्हणजे दिवसाला ४,००० ची मर्यादा आहे. समजा तुम्ही ६,००० ची खोली घेतली. १ लाख १० हजारांत २ दिवसांचं भाडं १२,०००, सर्जन-भूलतज्ज्ञ-थिएटर ७२,००० आणि औषधं-तपासण्या २६,००० धरू. भाडं ८,००० इतकंच मंजूर होईल, खोली मर्यादेबाहेरची असली की सर्जन-थिएटरचं बिलही त्याच प्रमाणात कापतात म्हणून ७२,००० चे ४८,००० होतील आणि औषधं पूर्ण मिळतील. बेरीज ८२,०००. त्यातून ५ टक्के सहभाग, म्हणजे मंजूर रकमेतला तुम्ही सोसायचा वाटा, कापला की ७७,९००. म्हणजे ३२,१०० तुमच्याच खिशातून, आणि हातमोजे वगैरे किरकोळ वस्तू कंपनीने वगळल्या तर तेही वर. यातला बराचसा भाग फक्त खोली महाग घेतल्यामुळे.

मग तिसरी वाट, जिचा पत्रात उल्लेखच नाही : बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी इस्पितळ. तुम्ही ५ वर्षांहून जास्त गोव्यात राहत असाल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, कार्ड असायला हवं. चार किंवा त्याहून जास्त माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांचं संरक्षण आहे, तीन माणसांपर्यंत अडीच लाखांचं. कार्डाची मुदत आधी बघा, संपलेलं कार्ड काउंटरवर काही कामाचं नाही. खासगी इस्पितळ या योजनेत असेल तरी तुमची नेमकी शस्त्रक्रिया त्यांना मंजूर आहे का हे वेगळं विचारावं लागतं. गोमेकॉची किंमत पैशांत नाही, वेळेत मोजावी लागते : ओपीडी, ऑडिओग्राम, भुलीची तपासणी, तारीख, भरती, मग कानातलं पॅकिंग काढणं. तुमची दिवसाची कमाई साधारण १,८५०. दुकान सहा वेळा अर्धा दिवस बंद ठेवलं तरी साडेपाच हजारांच्या आसपास. यासमोर १ लाख १० हजार उभे केले तर साध्या भोकासाठी मी बांबोळीच सांगेन. शिवाय डॉक्टर सहसा आधी काही आठवडे कान कोरडा ठेवायला सांगतात, म्हणजे तारखेची वाट बघण्याचे दिवस अगदीच वाया जात नाहीत. तोवर आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस, समुद्र-नदीत डुबकी बंद, बड्स आणि तेल बंद. आणि औषधाच्या दुकानातून मनानेच जेंटामायसिनचे थेंब आणू नका. पडद्याला भोक असताना ते आतल्या कानाला इजा करू शकतात.

कोलेस्टिएटोमा निघाला तर? तरीही आधी गोमेकॉत दाखवा, तारीख लवकर मिळाली तर प्रश्नच मिटला. लांबची मिळाली आणि डॉक्टर थांबू नका म्हणाले तर खासगीत करा, पण एफडी मोडू नका. आज मोडली तर १ टक्का दंडाने २६ महिन्यांचे सुमारे ४,३०० रुपये जातील. त्याऐवजी एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती न मोडता तिच्या तारणावर कर्ज, घ्या. ८०,००० रुपये ६ महिने ८ टक्क्यांनी वापरले तर व्याज ३,२००, आणि तेवढ्याच रकमेवर एफडी तिकडे २,८०० मिळवत राहील. फरक ४०० चा. उरलेले ३० हजार एका महिन्याच्या गल्ल्यातून निघतील. इस्पितळातल्या 'नो कॉस्ट ईएमआय'त प्रोसेसिंग फी आणि रोखीची सवलत हुकणं, हे दोन्ही जमेला धरून बघा. कोलेस्टिएटोमात खर्च ऑपरेशनवर संपतही नाही. कानाची मागची भिंत काढून पोकळी उघडी ठेवली तर ती सहा महिन्यांनी-वर्षाने साफ करून घेणं कायमचं. भिंत राखली तर वर्षभरात पुन्हा उघडून बघावं लागू शकतं, किंवा एमआरआय. कोणती पद्धत करणार हे आधी विचारलंत तर पुढच्या वर्षाचे पैसे बाजूला ठेवता येतील.

पॉलिसी मात्र दोन्ही परिस्थितीत चालू ठेवा. बाकी तिघांसाठी ती हवीच, आणि २ लाख चौघांना अपुरे आहेत.

तारीख घेताना दुकानाचा विचार करा. पडदा बसवल्यावर निदान दोन-तीन आठवडे वजन उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. सिमेंटच्या गोणी आणि पाइपचे बंडल तुम्ही स्वतः हलवत असाल तर तीन आठवड्यांसाठी एक माणूस लावावा लागेल. रोज ७०० धरले तर १८ दिवसांचे १२,६००. हा आकडा कोणत्याच पॅकेजात नसतो. कानामागे टाके असताना हेल्मेट बसत नाही, तेव्हा स्कूटरही घरीच. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी लोक घरं रंगवायला काढतात आणि तुमच्या धंद्याला तेच दिवस मोलाचे, म्हणून साधा कान असेल तर तारीख चवथीनंतरची मागा. तोवर पावसाळ्याची दमट हवाही थोडी ओसरलेली असेल, आणि त्या हवेत कानात बुरशी लवकर धरते.