‘पाणबुडी’ नेमकी कोणती?

विचारणा अशी आहे : जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेले ‘टायटन’ हे छोटे यान पाण्याखाली चिरडले गेले, तेव्हा मराठी बातम्यांत त्याचा उल्लेख सर्रास ‘पाणबुडी’ असा झाला. इंग्रजीत सबमरीन आणि सबमर्सिबल असे दोन शब्द आहेत आणि टायटन दुसऱ्या प्रकारात मोडत होते. मग मराठीतला उल्लेख चुकीचा होता का, आणि या यानांसाठी वेगळा शब्द घडवावा का?

माझ्या मते तो चुकीचा नव्हता. शब्दाच्या घडणीकडे पाहिले, तर नौदलाच्या मोठ्या जहाजापेक्षा या लहानशा यानालाच ‘पाणबुडी’ अधिक चपखल बसते. ‘पाणी’चे समासात ‘पाण’ होते, जसे पाणवठा, पाणकोंबडी, पाणसुरुंग. पुढच्या ‘बुडी’चा अर्थ मात्र ‘बुडणे’ या क्रियापदावरून न लावता ‘बुडी मारणे’ या प्रयोगावरून लावावा. बुडणारा वर येईलच असे नाही. बुडी मारणारा वर येण्याच्या बोलीवरच खाली जातो. तळाशी जाऊन वस्तू काढून आणणारा माणूस तो पाणबुड्या, आणि तळ्यात क्षणात दिसेनाशी होऊन थोड्या अंतरावर पुन्हा डोके वर काढणारी टिबुकली, तिलाही पाणबुडीच म्हणतात.

नौदलाची पाणबुडी बंदरातून स्वतःच्या बळावर निघते, आठवडेच्या आठवडे समुद्रात राहते आणि साधारणपणे काहीशे मीटरांहून खोल जात नाही. सबमर्सिबलला मात्र सोबत जहाज लागते; ते त्याला ठरल्या जागी नेते आणि वर आल्यावर परत घेते. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे ‘त्रिएस्ते’ या यानातून मारियाना गर्तेतील चॅलेंजर डीपच्या, म्हणजे समुद्रातील सर्वांत खोल जागेच्या, तळाशी, सुमारे १०,९०० मीटरांवर पोहोचले, तेव्हा त्रिएस्तेलाही ग्वाम बेटापासून तिथवर दुसऱ्या जहाजाने ओढून नेले होते. खाली जायला सुमारे पावणेपाच तास, तळाशी वीसेक मिनिटे आणि वर यायला सव्वातीन तास, म्हणजे सारा मामला एका दिवसाचा. याला बुडी नाही म्हणायचे, तर कशाला म्हणायचे?

हे साम्य वरवरचे नाही. मोती काढणारे पाणबुडे दोराला बांधलेल्या दगडावर पाय देऊन झपाट्याने तळ गाठत आणि तिथे दगड सोडून देत. त्रिएस्तेची रीत हीच होती. माणसे बसण्याचा जाड पोलादी गोल वर पेट्रोलने भरलेल्या भल्या मोठ्या टाकीला टांगलेला होता. पेट्रोल पाण्याहून हलके, म्हणून टाकीचा ओढा सदैव वर. तिला खाली नेण्यासाठी लोखंडी गोळ्यांचा भार विद्युतचुंबकाने धरून ठेवलेला असे. वीज तोडली की गोळ्या तळाशी सांडत आणि यान वर निघे. वीज आपोआप गेली तरीही तेच होई. पाणबुड्याचा दगड वरची माणसे दोराने ओढून घेत, त्रिएस्तेचे लोखंड मात्र तळाशीच राहिले, एवढाच काय तो फरक.

याउलट, १९३४ मध्ये विल्यम बीब आणि ओटिस बार्टन ९२३ मीटरांपर्यंत गेले, तो गोल जहाजावरून दोराने सोडलेला होता. त्याला पाणबुडी म्हणायला माझी जीभ धजत नाही. तो समुद्रात सोडलेला पोहराच!

तरीही नौदलाचा अर्थ आता इतका रूढ आहे की तांत्रिक लेखनात भेद दाखवावाच लागतो. ‘निमज्जनक्षम यान’ असे काही घडवता येईल, पण वाचक पहिल्याच जोडाक्षराला अडखळेल. ‘सबमर्सिबल’ जसाच्या तसा घ्यावा, तर शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे विहिरीतली मोटर उभी राहते. आणि गंमत म्हणजे तिला त्याने केव्हाच ‘पाणबुडी मोटर’ करून टाकले आहे. ‘समुद्रयान’ हे भारताच्या मोहिमेचे नाव आहे. तिच्यातील तीन माणसांना ६,००० मीटरांपर्यंत नेण्यासाठी आखलेल्या यानाचे नाव ‘मत्स्य ६०००’. त्यामुळे ‘समुद्रयान’ हा शब्द जातिवाचक करता येत नाही. मी स्वतः पहिल्या उल्लेखात ‘खोल समुद्रातील संशोधक पाणबुडी’ किंवा टायटनसारख्याला ‘पर्यटक पाणबुडी’ असे लिहितो आणि पुढे नुसते ‘पाणबुडी’. भेद कामावरून कळतो, त्यासाठी नवे नाम लागत नाही.

लिहिताना खरी दक्षता दुसरीकडेच घ्यावी लागते. पाणबुडीचे अनेकवचन ‘पाणबुड्या’ आणि बुडी मारणाऱ्या पुरुषाचे एकवचनही ‘पाणबुड्या’. ‘पाणबुड्या वर आला’ आणि ‘पाणबुड्या वर आल्या’ यांत माणूस आहे की याने आहेत, हे केवळ क्रियापद सांगते. म्हणून मथळ्यात क्रियापद गाळू नये. आणि यान ठरल्याप्रमाणे खाली गेले असेल, तर ‘पाणबुडी बुडाली’ असे तर मुळीच लिहू नये. तिने बुडी मारली.