ट्रिम उंचीसाठी नाही, वेगासाठी असतो

तुमची तक्रार अशी की सेस्ना १७२ हे छोटं विमान सरळ उडवताना ते २०० फूट वर जातं, मग खाली येतं, आणि सतत ट्रिमचं चाक (नाक धरून ठेवताना हातावर येणारा भार उतरवणारं) फिरवत राहावं लागतं. शिवाय ते डावीकडे झुकतं. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिल्याचं मूळ बहुतेक घाईत आहे. चढताना वेग ७५ नॉटच्या आसपास असतो, सपाट उड्डाणात तो १०५–११० पर्यंत जातो. तेवढं वाढायला मिनिटभर तरी लागतं. तुम्ही ९० नॉटलाच ट्रिम केलात, की विमान ९० धरून बसतं. पुढे वेग वाढला की ते नाक वर काढतं, चढतं, वेग गमावतं, मग नाक टाकतं. उंची बिघडली म्हणून तुम्ही पुन्हा चाक फिरवता, आणि खेळ नव्याने सुरू होतो.

म्हणून क्रम पाळा. मिनिटाला ५०० फुटांनी चढत असाल तर हव्या उंचीच्या ५० फूट आधी नाक खाली आणायला लागा. क्षितिजाच्या खाली नाक कुठे दिसतं ते हेरून योकने (हातातल्या सुकाणू-हँडलने) तिथेच धरून ठेवा. वेग वाढेल तसा योक हाताला मागे रेटेल. त्याला रेटू द्या, तुम्ही नाक हलू देऊ नका. सपाट उड्डाणाच्या वेगाजवळ आलात की थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करणारा) ठरलेल्या आरपीएमवर, म्हणजे इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांवर, आणा. वेगाचा काटा स्थिरावला की मगच चाकाला हात. पुढे दाबावं लागत असेल तर चाकाचा वरचा भाग पुढे ढकला, मागे ओढावं लागत असेल तर उलट. हातावरचा भार गेला की दोन बोटांची पकड सैल करून पाहा. नाक सरकलं तर आधी योकने जागेवर आणा, मग चाक किंचित हलवा. चाकाने नाक हलवायचं नाही. चाक फक्त भार उतरवतं. थ्रॉटल, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेला खाली येणाऱ्या पट्ट्या) किंवा वेग बदलला की हाच क्रम पुन्हा.

आता डावीकडे झुकण्याबद्दल. आधी बॉल बघा (पॅनेलवरच्या वाकड्या नळीतला गोळा, विमान तिरकं उडतंय का ते दाखवणारा), पंख नंतर. बॉल बाजूला असताना आयलरॉनने (पंखांच्या टोकांकडच्या हलत्या पट्ट्यांनी) पंख सरळ धरलात तर विमान तिरकं उडत राहतं. सपाट उड्डाणात, नेहमीच्या पॉवरला, पाय मोकळे असताना बॉल उजवीकडे राहत असेल तर उजवा रडर (शेपटीवरचं, पायाने चालणारं उभं सुकाणू) हवा आहे. रडरवरची पातळ पट्टी डावीकडे वाकली की रडर उजवीकडे ढकलला जातो. पण ती मेकॅनिकला वाकवू द्या, कारण तिला जमिनीवर कोणाचा धक्का लागून ती वाकलेली असणंही शक्य आहे. चढताना उजवा पाय लागणं, पॉवर काढून उतरताना डावा लागणं, हे मात्र दोष नाहीत; ती पट्टी एकाच पॉवरला जुळवलेली असते.

बॉल मध्यभागी असूनही डावा पंख जड वाटला तर इंधन बघा. इंधनाचा सिलेक्टर 'बोथ'वर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर, असला तरी दोन्ही टाक्या सारख्या रिकाम्या होतातच असं नाही. सपाट उड्डाणात थोडा वेळ डाव्या टाकीवर ठेवा, आणि परत 'बोथ'वर आणायला विसरू नका.

उड्डाणाआधी चाक टेक-ऑफच्या खुणेवर आहे ना, हे डोळ्यांनी बघा, बोटाने अंदाज घेऊ नका. आदल्या लँडिंगचा ट्रिम तसाच राहिला असेल तर धावपट्टी सुटताच नाक वर झेपावतं. हाच धोका गो-अराउंडला (उतरणं सोडून पुन्हा चढताना) जास्त असतो: पूर्ण फ्लॅप, नाक-वर ट्रिम, आणि त्यावर पूर्ण थ्रॉटल. तेव्हा योक वाटेल त्यापेक्षा जोरात पुढे दाबावा लागतो. दाब सोडलात तर स्टॉल, म्हणजे पंखांची उचल जाणं, दूर नाही. आधी दोन्ही हात लागले तरी चालतील, नाक आटोक्यात आलं की लगेच चाक पुढे.

इलेक्ट्रिक ट्रिम असेल आणि चाक आपोआप फिरू लागलं, तर योक घट्ट धरा, डिस्कनेक्टचं बटण दाबून ठेवा आणि ट्रिमचा सर्किट ब्रेकर ओढा. तो पॅनेलवर कुठे आहे, ते बसल्या बसल्या आत्ताच हेरून ठेवा.