घोड्यांच्या कोर्ससाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न : आम्ही इंदूरचे. मुलगा १९ वर्षांचा, बारावी जीवशास्त्र घेऊन पास. घोड्यांचंच काम करायचं म्हणतो. एक खासगी रायडिंग केंद्र वर्षाच्या प्रमाणपत्राचे साडेतीन लाख मागतंय. शिवाय दीड लाखाची घोडी घेऊन द्या, असा हट्ट. आमची नऊ लाखांची ठेव आहे. मोडावी का?

उत्तर : घोडीचा विषय आधी मिटवू. चारशे किलोच्या घोडीला रोज आठ-दहा किलो खाणं लागतं. १२ रुपये दराने सहा किलो चारा आणि ३५ रुपये दराने तीन किलो चंदी (दाणा) धरली, तरी महिन्याला ५,३०० रुपये. जागा, मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा), नाल, औषधं वेगळी. एका रात्रीच्या पोटशूळात सगळं भांडवल जाऊ शकतं. शिकायला स्वतःची घोडी लागत नाही.

साडेतीन लाखही लगेच भरू नका. वर्षभरात खोगिरावर किती तास, तबेल्यात किती आणि खुरांवर किती, हे लेखी मागा. इंदूरची सुदीप्ती हाजेला २०२३च्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं (घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करून घेण्याच्या प्रकाराचं) सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या चमूत होती, हे तिथे कानावर पडेलच. ती खेळाची महागडी वाट आहे, पगाराची नव्हे. खेळातच जायचं असेल तर भोपाळच्या राज्य अकादमीच्या निवड चाचणीला बसवून बघा.

पगाराचं बोलायचं तर पशुगणनेत घोडे आणि तट्टू २०१२ मध्ये सव्वासहा लाख होते, २०१९ मध्ये ३.४ लाख उरले. म्हणून घोडे मिळाले नाहीत तरी पोट भरेल असं शिक्षण आधी. जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाची दोन वर्षांची पशुपालन पदविका बघा. प्रवेश परीक्षेतून होतो. अभ्यास मुख्यतः गाई-म्हशींचा आहे, मुलगा कुरकुरेल. पण सरकारी पशुसंवर्धन खात्यातल्या सहायक पशुचिकित्सा क्षेत्र अधिकाऱ्याच्या भरतीला हीच पदविका चालते. मात्र १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे पदविकाधारकाला नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली किरकोळ उपचारच करता येतात. गावात डॉक्टर म्हणून बसता येत नाही. डॉक्टरच व्हायचं असेल तर ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा आणि साडेपाच वर्षं. महाविद्यालय तुमच्याजवळ महूलाच आहे.

पदविकेच्या सुट्ट्यांत नालबंदी (खुरं कापून नाल ठोकायचं काम) शिकवा. माझं मत विचाराल तर पैसा इथे आहे. खुरं वाढतच राहतात, म्हणून गिऱ्हाईक दर पाच-सहा आठवड्यांनी परत येतं. नियमित ४० घोडे आणि घोड्यामागे ८०० रुपये धरले, तर सहा आठवड्यांचे ३२,०००, म्हणजे महिन्याला सुमारे २३,०००. त्यातून नाल, खिळे आणि पेट्रोल जाईल. पण ४० घोडे जमायला दोन-तीन वर्षं लागतील असं धरा. चूक महागात पडते : खिळा पांढऱ्या रेषेच्या (खुराच्या तळाशी कठीण भिंत आणि जिवंत भाग यांमधल्या सीमेच्या) आत गेला की जिवंत भागात घुसतो, घोडा लंगडतो आणि गिऱ्हाईक तुटतं. नवशिके खुराच्या मापाने नाल वळवण्याऐवजी नालेच्या मापाने खूर कानसतात. भिंत पातळ होते, पुढच्या वेळी खिळा धरत नाही. म्हणून आधी मेलेल्या जनावराच्या खुरांवर हात बसवायचा, मग उस्तादाच्या हाताखाली. अवजारांसाठी ४० हजार बाजूला ठेवा.

विमा पहिल्याच दिवशी, आणि अर्जात काम खरं लिहा. वैयक्तिक अपघात विम्यात घोड्यांच्या शर्यती आणि पोलो सर्वांत जोखमीच्या गटात धरतात. 'विद्यार्थी' लिहून हप्ता वाचवला, तर लाथ बसल्यावर दावा नाकारायला कंपनीला कारण मिळतं.

ठेव पूर्ण मोडू नका. तीन लाख घरच्या अडीअडचणीला. शिक्षणाचे पैसे हप्त्याहप्त्याने लागतील, तेव्हा ठेवीवर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून लागेल तेवढं कर्ज) घ्या; व्याज बहुतेक ठिकाणी ठेवीच्या दराहून एक-दोन टक्केच जास्त असतं, तेही वापरलेल्या रकमेवर. मुदत संपेल तेव्हा उरलेली रक्कम एकाच पावतीत न ठेवता लाख-लाखाच्या पावत्या करा, म्हणजे गरजेला एकच मोडता येईल.