परदेशातून आलेला माणूस तिथला आमदार आणि न्यायाधीश होऊ शकतो का? गुस्टाव्ह कोर्नर यांचे उदाहरण

तुमचा प्रश्न असा आहे की, परक्या देशातून आलेल्या आणि तिथली भाषा व कायदा नव्याने शिकावा लागलेल्या माणसाने आपल्या हयातीतच तिथले आमदारपद व न्यायाधीशपद मिळवल्याचे खरे उदाहरण आहे का, आणि असल्यास ते त्याला कसे साधले. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, त्यामुळे या प्रश्नातला कायद्याचा भाग मला विशेष जवळचा वाटतो. उदाहरण म्हणून मी गुस्टाव्ह कोर्नर यांचे नाव घेईन.

कोर्नर यांचा जन्म १८०९ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे झाला. येना, म्युनिक आणि हायडेलबर्ग येथे कायद्याचा अभ्यास करून १८३२ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. तेव्हा जर्मनी अनेक लहानमोठ्या संस्थानांत विभागलेला होता, आणि एकसंध राष्ट्र व विचारस्वातंत्र्य मागणाऱ्या विद्यार्थ्यांवर सरकारची करडी नजर असे. ३ एप्रिल १८३३ रोजी अशा तरुणांच्या एका गटाने फ्रँकफुर्टच्या पहाऱ्याच्या चौक्यांवर हल्ला केला. उठाव त्याच रात्री मोडला गेला. त्यात जखमी झालेले कोर्नर निसटून फ्रान्समध्ये गेले आणि तिथून जहाजाने अमेरिकेला पोहोचले.

अनेक जर्मनांचा ओढा तेव्हा मिसूरी राज्याकडे होता, कारण गॉटफ्रीड डुडेन या लेखकाने त्या मुलखाचे फार मोहक वर्णन केले होते. पण मिसूरीत गुलामगिरी कायदेशीर होती. कोर्नर यांना ती सहन होण्यासारखी नव्हती, म्हणून ते मिसिसिपी नदीच्या अलीकडे, इलिनॉय राज्यातील बेलव्हिलच्या परिसरात राहिले आणि डुडेनच्या वर्णनाचे खंडन करणारे पुस्तकही त्यांनी १८३४ साली प्रसिद्ध केले. त्या परिसरात विद्यापीठात शिकलेली बरीच जर्मन मंडळी शेती करू लागली होती. नांगरापेक्षा ग्रंथांशी अधिक परिचय असलेल्या या लोकांना ‘लॅटिन शेतकरी’ असे म्हणत.

कोर्नर यांनी मात्र शेती हा आपला मार्ग मानला नाही, आणि तुमच्या ‘कसे’ या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते इथेच आहे. त्यांचे शिक्षण रोमन कायद्याच्या परंपरेतले होते. अमेरिकेत मात्र, आपल्याकडे आजही आहे तशी, इंग्लंडहून आलेली पूर्वनिर्णयांवर चालणारी पद्धत होती. हायडेलबर्गची पदवी तिथे कामाची नव्हती. डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस पंचविशीत केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे ट्रान्सिल्व्हेनिया विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी म्हणून बसला, परक्या भाषेत कायदा शिकला आणि १८३५ साली इलिनॉयमध्ये वकिलीची सनद मिळवून कामाला लागला. एका पद्धतीत मुरलेल्या माणसाला दुसरी पद्धत शिकताना आधीचे किती विसरावे लागते, हे वकिलांना वेगळे सांगायला नको.

त्यानंतरची वाटचाल वेगाने झाली. १८४२ साली ते राज्याच्या विधिमंडळावर निवडून आले आणि १८४५ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. ती जागा ज्यांच्या जाण्याने रिकामी झाली होती ते जेम्स शील्ड्स हेही आयर्लंडमध्ये जन्मलेले होते, आणि त्यांनीही आधी आमदारकी भूषवली होती. म्हणजे एका स्थलांतरिताच्या खुर्चीवर दुसरा स्थलांतरित बसला. १८४८ पर्यंत कोर्नर या पदावर होते. पुढे १८५३ ते १८५७ या काळात ते राज्याचे उपराज्यपाल होते. अमेरिकेत हे निवडणुकीने मिळणारे पद आहे.

मला त्यांच्याविषयी सर्वाधिक आदर वाटतो तो मात्र एका वेगळ्या कामामुळे. गुलामगिरीच्या विस्ताराच्या प्रश्नावर त्यांनी डेमोक्रॅटिक पक्ष सोडला आणि नव्या रिपब्लिकन पक्षात प्रवेश केला. त्याच सुमारास, १८५९ साली, मॅसॅच्युसेट्स राज्याने असा नियम केला की, नागरिकत्व मिळालेल्या परदेशी माणसाला त्यानंतर आणखी दोन वर्षे मतदान करता येणार नाही. या नियमामागे रिपब्लिकनांचाही हात होता, म्हणजे कोर्नर यांना स्वपक्षीयांशीच झगडणे भाग होते. १८६० साली शिकागो येथे लिंकन यांना उमेदवारी देणाऱ्या अधिवेशनात ते जाहीरनामा समितीवर होते, आणि स्थलांतरितांचे नागरिकत्वाचे हक्क कमी करण्यास विरोध करणारे कलम त्या जाहीरनाम्यात यावे यासाठी त्यांनी प्रयत्न केले. ते कलम आले. स्वतः सर्व काही मिळवून झाल्यावर मागून येणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवण्याचा आग्रह धरणे, ही मला न्यायाधीशपदाहून मोठी गोष्ट वाटते.

लिंकन यांनी १८६२ साली त्यांना स्पेनमध्ये राजदूत म्हणून पाठवले. १८६५ साली लिंकन यांच्या अंत्ययात्रेत शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांमध्ये कोर्नर होते. १८७२ साली राज्यपालपदाच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. बेलव्हिलमध्येच १८९६ साली त्यांचे निधन झाले. मुलांच्या आग्रहावरून लिहिलेल्या त्यांच्या आठवणी १९०९ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाल्या, आणि त्या त्यांनी इंग्रजीत लिहिल्या होत्या.